जुन्या ट्रॅक्टर इंजिनातील झिजलेल्या पिस्टन रिंगा व ऑइल सील : कारणे, निदान आणि दुरुस्ती
(जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : पिस्टन रिंग, ऑइल सील, कॉम्प्रेशन, ब्रीदर, लायनर, रोटरी इंजिन, ट्रॅक्टर, जालना जिल्हा.

प्रस्तावना :

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा बियाणे उद्योग व पोलाद उद्योग यांसाठी ओळखला जातो. तथापि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांचा आर्थिक कणा आजही शेती हाच आहे. कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, तसेच जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे अंबड व घनसावंगी या तालुक्यांच्या गोदाकाठच्या पट्ट्यात होणारा ऊस या सर्व पिकांच्या मशागतीचा व वाहतुकीचा भार ट्रॅक्टरवर पडतो. यातील अनेक ट्रॅक्टर जुने असून त्यांच्या इंजिनांची एकदा किंवा दोनदा दुरुस्ती झालेली असते. असे इंजिन धूर सोडू लागले, ऑइल खाऊ लागले किंवा त्याच्या सीलमधून ऑइल गळू लागले, म्हणजे मालकापुढे दोन पर्याय उभे राहतात : संपूर्ण इंजिन खोलणे किंवा हंगाम संपेपर्यंत तसेच चालविणे. पहिला पर्याय अनावश्यक ठरला तर हंगामाची कमाई खर्ची पडते. दुसरा चुकला तर क्रँकशाफ्टसह संपूर्ण इंजिन निकामी होते. म्हणून या निर्णयामागील शास्त्र समजून घेणे हा केवळ मिस्त्रीचा नव्हे, तर ग्रामीण अर्थकारणाचाही प्रश्न होय.

उद्दिष्टे :

१) इंजिनातील रिंगा व सील यांचे कार्य स्पष्ट करणे.
२) त्यांच्या झिजेची कारणे स्थानिक परिस्थितीच्या संदर्भात पाहणे.
३) इंजिन न खोलता करता येणाऱ्या निदानाच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
४) रोटरी इंजिनाशी तुलना करून दुरुस्तीयोग्यतेचे महत्त्व विशद करणे.
५) दुरुस्तीसंबंधी व्यवहार्य शिफारशी करणे.

प्रस्तुत विवेचनासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

रिंगा आणि सील : कार्य व भेद :

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये शोषलेली हवा तिच्या मूळ घनफळाच्या साधारण सोळा ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. या दाबामुळे हवेचे तापमान डिझेलच्या ज्वलनबिंदूच्या कितीतरी वर जाते आणि नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. हा दाब टिकविण्याचे काम पिस्टनच्या खाचांत बसविलेल्या रिंगा करतात. वरच्या दोन किंवा तीन रिंगा वायू रोखतात, तर खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरील जादा ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये पाठविते. रिंगांचे आणखी एक कार्य सहसा लक्षात येत नाही. पिस्टनच्या माथ्यावरील उष्णतेचा मोठा भाग रिंगांमार्फतच सिलिंडरच्या भिंतीकडे व तेथून पाण्याकडे जातो. रिंग भिंतीला नीट टेकली नाही तर दाब तर कमी होतोच, शिवाय पिस्टनही तापतो.

ऑइल सील ही वस्तू निराळी आहे. क्रँकशाफ्ट जेथे इंजिनाच्या बाहेर येतो तेथे, म्हणजे पुढे पुलीजवळ आणि मागे फ्लायव्हीलजवळ, ऑइल बाहेर पडू नये म्हणून रबरी ओठाचे सील बसविलेले असते. ओठाच्या मागील बारीक स्प्रिंग त्यास शाफ्टवर हलकेच दाबून धरते. काही जुन्या इंजिनांत मागील बाजूस रबरी सीलऐवजी दोरीसारखे पॅकिंग असते. रिंगा जळत्या वायूचा प्रचंड दाब सोसतात. ऑइल सील मात्र जवळजवळ दाबरहित ठिकाणी काम करण्यासाठीच घडविलेले असते. हा भेद पुढील विवेचनात निर्णायक ठरतो.

झिजेची कारणे :

रिंगांचा पहिला शत्रू धूळ होय. मातीतील सिलिकाचे कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. रिंग व भिंत यांमधील ऑइलचा थर काही मायक्रॉन जाडीचा असतो. ५ ते २० मायक्रॉन आकाराचे कण या थरात शिरले की ते कानशीप्रमाणे दोन्ही पृष्ठभाग घासतात. रोटाव्हेटर चालवताना, सोयाबीनच्या मळणीत, किंवा उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर अक्षरशः धुळीच्या लोटात काम करतो. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइलचे भांडे असलेला एअर क्लीनर असतो. हवा या ऑइलवरून वळून जाळीतून वर जाते व धूळ ऑइलमध्ये राहते. भांड्याच्या तळाशी गाळाचा थर साचला की ही क्रिया थांबते. सर्वसाधारण वापरात आठवड्याने साफ करण्याचे हे भांडे मळणीच्या दिवसांत रोज पाहावे लागते. तसेच एअर क्लीनर व इंजिन यांना जोडणारा रबरी होज फाटलेला असेल तर क्लीनर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग शून्य. कारण धूळ त्या फटीतून सरळ आत जाते.

दुसरे कारण ऑइलसंबंधी आहे. ऑइल खाणाऱ्या इंजिनात मालक केवळ भर घालत राहतो आणि जुने ऑइल पूर्णपणे बदलण्याचे टाळतो. परिणामी काजळी, आम्ल व धातूचा चुरा आतच फिरत राहतो. काजळीमुळे रिंगा आपल्या खाचांत चिकटतात. चिकटलेली रिंग न झिजताही झिजलेल्या रिंगेसारखीच वागते. तिसरे कारण तापमानाचे होय. कमी पाणी, चोंदलेला रेडिएटर किंवा ढिला फॅनबेल्ट यांमुळे इंजिन तापले की रिंगांचा ताण कायमचा कमी होतो. याउलट थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन सतत थंड ठेवल्यासही सिलिंडरची झीज वाढते. कारण थंड भिंतीवर ज्वलनातील आम्लयुक्त बाष्प साचते.

सीलची झीज प्रामुख्याने उष्णता, वय आणि धूळ यांमुळे होते. नायट्राइल रबर दीर्घकाळ सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास कडक होऊन तडकते. फ्लोरोकार्बन रबर साधारणपणे २०० अंशांपर्यंत टिकते. पुढच्या सीलवर बाहेरून धूळ बसते, तिचे ऑइलसोबत मिश्रण होते आणि हे मिश्रण शाफ्टवरच बारीक खाच पाडते.

निदान : धुराची भाषा व दाबाची चाचणी :

धुराचा रंग हा निदानाचा आरंभ होय, शेवट नव्हे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवितो. काळा धूर डिझेल जास्त अथवा हवा कमी असल्याचे सांगतो. त्याचे मूळ बहुधा चोंदलेला एअर क्लीनर, खराब नोझल किंवा पंपाची चुकलेली जुळणी यांत असते. केवळ काळ्या धुरासाठी इंजिन खोलणे ही सर्वांत महाग चूक होय. सकाळी सुरू करताना निघणारा व इंजिन तापल्यावर जाणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. ते कमी कॉम्प्रेशनमुळेही असू शकते. तापल्यानंतरही पांढरी वाफ येत राहिल्यास हेड गॅस्केट किंवा लायनर यांतून पाणी जात असल्याची शक्यता असते.

निळा धूर नेमका केव्हा येतो हेही पाहावे. इंजिन रात्रभर उभे राहून सकाळी सुरू करताच काही क्षण निळा धूर आला व नंतर थांबला, तर ऑइल बहुधा झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून उतरत आहे. चढावर, भरल्या ट्रॉलीसह किंवा नांगर खोल लागल्यावर निळा धूर सतत वाढत असेल, तर संशय रिंगांवर जातो.

दुसरी खूण ब्रीदरची. चालू इंजिनाच्या ब्रीदर नळीतून थोडा वायू येणे स्वाभाविक आहे. परंतु तो झटक्याझटक्याने, धुरासह व ऑइलचे थेंब घेऊन येत असेल तर ज्वलनाचा वायू रिंगांना ओलांडून चेंबरमध्ये उतरत आहे असे समजावे. यालाच कारागिरांच्या बोलीत ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

तिसरी पायरी कॉम्प्रेशन गेजची. इंजिन गरम करून सर्व नोझल काढावेत, डिझेलचा पुरवठा बंद करावा, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि प्रत्येक सिलिंडरवर क्रमाने गेज लावून सेल्फ फिरवावा. सुस्थितीतील डिझेल इंजिनात हा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला २५ ते ३० किलोग्रॅमच्या आसपास असतो. अंतिम निकष मात्र त्या त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील किमान मूल्य हाच होय. सर्व सिलिंडर सारखेच कमी असतील तर सर्वसाधारण झीज. एकच कमी असेल तर त्याच सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांपैकी एक दोषी असते. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा चाचणी घेतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा. डिझेल इंजिनात ही पद्धत जपून वापरावी लागते. येथे पिस्टनवरील मोकळी जागा अत्यंत लहान असल्याने ऑइलने ती व्यापताच दाब फसवेपणाने वाढतो, आणि ऑइल जास्त झाले तर ते दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो.

याहून विश्वासार्ह चाचणी हवेची आहे, आणि तिला लागणारा कॉम्प्रेसर पंक्चरच्या दुकानात असतो. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरणार नाही याची दक्षता घेऊन नोझलच्या जागी जोडणी बसवावी व हवा सोडावी. नंतर कान देऊन ऐकावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एकही नट न मोडता इंजिन स्वतःचा दोष सांगते.

गळणारे सील : रोग की लक्षण? :

मागील सील गळू लागले की ऑइल क्लचवर जाते, क्लच घसरतो, आणि ट्रॅक्टर मधोमध दुभागून सील बदलावे लागते. अनेकदा हे नवे सीलही अल्पकाळात पुन्हा गळू लागते आणि दोष सीलच्या दर्जावर किंवा मिस्त्रीच्या हातावर टाकला जातो. प्रत्यक्षात कारण वेगळे असू शकते. रिंगा ओलांडून उतरलेला वायू ब्रीदरमधून बाहेर पडायला हवा. ब्रीदरची जाळी काळ्या गाळाने बुजली असेल किंवा वायूचे प्रमाणच फार असेल, तर चेंबरमध्ये दाब साठतो. दाबरहित जागेसाठी घडविलेले सील तो सोसू शकत नाही. ऑइल सर्वांत दुबळ्या वाटेने बाहेर पडते. कधी मागील सील, कधी पुढील सील, तर कधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम ब्रीदरची जाळी डिझेलने धुवावी, ऑइलची पातळी काठीवरील खुणेपेक्षा अधिक नाही याची खात्री करावी, आणि नंतरच सीलकडे वळावे. अनेक प्रसंगी गळती एवढ्यावरच थांबते. न थांबल्यास, आणि ब्रीदरमधून वायूचा मारा चालूच असल्यास, रिंगांचा विचार न करता केवळ सील बदलणे म्हणजे ताप उतरविण्यासाठी थर्मामीटर बदलणे होय.

येथे एक गंभीर धोका नोंदविणे आवश्यक आहे. एअर क्लीनरच्या भांड्यात ऑइल प्रमाणाबाहेर भरले, किंवा ब्रीदरची नळी हवेच्या मार्गात जोडलेली असून तिच्यातून ऑइल ओढले जाऊ लागले, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावू लागते. डिझेल बंद करूनही ते थांबत नाही, उलट त्याचा वेग वाढत जातो. अशा वेळी हवेचे तोंड फळी किंवा जाड गोणपाटाने घट्ट बंद करणे हाच उपाय असतो. हात कदापि लावू नये.

रोटरी इंजिनाशी तुलना :

सीलचा प्रश्न किती निर्णायक ठरू शकतो हे रोटरी इंजिनाच्या इतिहासातून स्पष्ट होते. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेल्या या इंजिनाचा पहिला नमुना एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालला. यात वरखाली जाणारा पिस्टन नसून त्रिकोणी रोटर अंडाकृती कवचात फिरतो. त्याच्या तीन टोकांवर बसविलेल्या पट्ट्या, म्हणजेच एपेक्स सील, पिस्टन रिंगांचे काम करतात. १९६७ मध्ये आलेल्या एनएसयू आरओ ८० या मोटारीची सीलच्या झिजेमुळे इतकी इंजिने बदलून द्यावी लागली की कंपनी आर्थिक अडचणीत सापडली व १९६९ मध्ये तिचे फोक्सवॅगनच्या आधिपत्याखाली ऑटो युनियनशी विलीनीकरण झाले. जपानच्या माझदा कंपनीलाही आरंभी कवचाच्या आतील भिंतीवर उमटणाऱ्या लाटांसारख्या ओरखड्यांनी सतावले. सीलचा पदार्थ व रचना बदलून तिने त्यावर मात केली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आणली. पुढे आरएक्स-७ (१९७८) व आरएक्स-८ (२००३ ते २०१२) या मोटारी आल्या. १९९१ मध्ये रोटरी इंजिनाच्या ७८७बी या मोटारीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली.

जुन्या रोटरी मोटारीतील झिजलेल्या सीलची लक्षणे ओळखीचीच आहेत : गरम असताना सुरू न होणे, ताकद घटणे, इंधनाचा खप वाढणे. तेथेही उत्तर कॉम्प्रेशन चाचणी देते. एका रोटरच्या तीन बाजूंचे तीन दाब स्वतंत्रपणे पाहतात. एका टोकाचे सील तुटले तर त्याच्या दोन्हीकडील कप्प्यांचा दाब एकाच वेळी घटतो, कारण ते सील दोन कप्प्यांची सामाईक भिंत असते. परंतु उपायात मोठा फरक आहे. तेथे सील बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन सुटे करावेच लागते आणि कवचाच्या आतील क्रोमचा थर उखडला असेल तर साधे बोअरिंग करून भागत नाही. कवचच बदलावे लागते. पिस्टनच्या इंजिनात मात्र गोल सिलिंडर लेथच्या दुकानात पुन्हा बोअर करता येतो किंवा लायनर उपसून नवा बसविता येतो. भारतात माझदाचे नाव परिचित झाले ते स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांमुळे, आणि त्यांची इंजिनेही पिस्टनचीच डिझेल होती. जुना ट्रॅक्टर पिढ्यान्‌पिढ्या चालतो यामागे ही दुरुस्तीयोग्यता आहे.

दुरुस्तीची शास्त्रशुद्ध पद्धती :

इंजिन खोलल्यावर प्रथम मोजमाप, नंतर खरेदी, हा नियम पाळावा. सिलिंडरचा व्यास बोअर गेजने वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येकी दोन दिशांनी मोजावा. वरच्या व खालच्या मापांतील फरक म्हणजे निमुळतेपणा, आणि दोन दिशांतील फरक म्हणजे लंबवर्तुळाकारपणा. हे मर्यादेत असतील तर केवळ रिंगा बदलून व होनिंग करून भागते. मर्यादा ओलांडली असेल तर बोअरिंग किंवा नवा लायनर अपरिहार्य ठरतो. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणे हा खर्च वाया जातो.

नवी रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातील फट फीलर गेजने पाहावी. साधारण प्रमाण दर १०० मिलिमीटर व्यासास ०.३ ते ०.४ मिलिमीटर असे आहे. फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगेची टोके भिडून ती मोडते व सिलिंडर चिरते. होनिंगने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटल्या पाहिजेत. त्यांत ऑइल टिकते व रिंग लवकर बसते. होनिंगनंतर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके काळे होत असेल तोवर घासणीचे कण आत आहेत असे समजावे. सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नयेत. ओल्या लायनरच्या खालच्या रबरी रिंगा नव्याच वापराव्यात, अन्यथा पाणी ऑइलमध्ये उतरते.

सील बसविताना त्याचा स्प्रिंग असलेला ओठ ऑइलच्या बाजूस ठेवून त्यास ऑइल लावावे. शाफ्टवर नखाला जाणवेल अशी खाच असेल तर नवे सील तेथे टिकणार नाही. ते किंचित पुढे-मागे बसवावे किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी. जुने दोरीचे पॅकिंग काढताना ते ॲस्बेस्टॉसचे असू शकते हे ध्यानात ठेवून ओले करूनच काढावे. कोरडे घासू नये किंवा हवेने फुंकू नये.

इंजिन बांधल्यावर ते तासन्‌तास रिकामे चालविण्याची पद्धत आढळते. ती हानिकारक आहे. ज्वलनाचा दाबच रिंगेला मागून भिंतीवर रेटतो. भार नसेल तर रिंग बसत नाही आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. सुरुवातीस मध्यम व बदलता भार द्यावा आणि साधारण पन्नास तासांनी पहिले ऑइल व फिल्टर बदलावे.

सुट्या भागांची उपलब्धता हाही निर्णयाचा घटक आहे. झेटर या तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील कंपनीच्या सहकार्याने १९७१ मध्ये सुरू झालेले एचएमटीचे ट्रॅक्टर उत्पादन २०१६ मध्ये बंद करण्यात आले. अशा ट्रॅक्टरसाठी बाजारात मिळणाऱ्या किटचे माप व दर्जा इंजिन खोलण्यापूर्वीच तपासणे शहाणपणाचे ठरते.

निष्कर्ष :

१) ऑइलची गळती हा पुष्कळदा स्वतंत्र रोग नसून रिंगांच्या झिजेचे किंवा बुजलेल्या ब्रीदरचे लक्षण असते.
२) धुराच्या रंगावरून इंजिन खोलण्याचा निर्णय घेणे अपुरे आहे, दाबाची व हवेची चाचणी आवश्यक आहे.
३) धुळीच्या प्रदेशात रिंगांचे आयुष्य प्रामुख्याने एअर क्लीनरच्या निगेवर अवलंबून असते.
४) पिस्टन इंजिनाची दुरुस्तीयोग्यता हे त्याचे मोठे बळ आहे, परंतु मोजमापाविना केलेली दुरुस्ती हे बळ वाया घालविते.

शिफारशी :

ट्रॅक्टरमालकाने ऑइलची भर व चाललेले तास यांची साधी वही ठेवावी. ऑइलचा खप स्थिर असेल, सकाळी इंजिन सहज सुरू होत असेल व ऑइलचा दाब योग्य असेल, तर हंगाम पूर्ण करून उन्हाळ्यात दुरुस्ती करणे योग्य. खप झपाट्याने वाढत असेल, ऑइलमध्ये पाणी दिसत असेल किंवा गेजवरील दाब उतरत असेल, तर मात्र त्याच दिवशी थांबणे हिताचे. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांनी पेरणीपूर्व काळात तपासणी शिबिरे घेतल्यास एक गेज व एक कॉम्प्रेसर एवढ्या साधनांवर अनेक कुटुंबांचा अनाठायी खर्च वाचू शकेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही हा उपक्रम सहज राबविता येईल. अभियांत्रिकीचे ज्ञान पाठ्यपुस्तकातून बांधावर पोहोचविण्याचा तो एक साधा व उपयुक्त मार्ग ठरेल.